नऊ तुकड्यांचा एक शब्द

अमरावतीतल्या एका खासगी रुग्णालयात मी माईकवर बोलायच्या नोकरीला लागले, तेव्हा माझं वय चाळिशीला टेकलं होतं. तोवर मी घर सांभाळत होते आणि घरात माझ्या आवाजाला कधी माईक लागला नव्हता. मुलगी कॉलेजला जायला लागली, दुपारी घर सुनं वाटू लागलं, तेव्हा नवऱ्यानेच पेपरातली जाहिरात माझ्यापुढे धरली. 'स्वागतकक्षासाठी महिला हवी. स्पष्ट उच्चार आवश्यक.' नवरा म्हणाला, "हे तर तुलेच पाहून छापलं दिसते."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझं माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं. वडील भिक्षुकी करतात. आमच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तर कोणी बोलायचं नाही, पण उच्चारात काही कमी पडलं की वडील हातातला घास ताटात ठेवायचे. अक्षर खाणं हा त्यांच्या लेखी मोठा गुन्हा. पंगतीला बसलेल्या प्रत्येकाला सारखं वाढतात तसं प्रत्येक अक्षराला त्याचं पूर्ण माप द्यायचं, असं ते आम्हा भावंडांना सांगायचे. मी शाळेतली कविता म्हणत असले तरी ते पूजेच्या खोलीतून ओरडायचे, "'प्र' अर्धा गिळलास!"

मुलाखतीत मला मराठीतली एक सूचना वाचायला दिली. मी एकही अक्षर न गिळता वाचली. रुग्णालयाचे व्यवस्थापक पुण्याहून आलेले होते, बत्तीस-तेहतीस वर्षांचे, कडक इस्त्रीचे. ते म्हणाले, "छान. अगदी हवा तसा आवाज आहे. सोमवारपासून या."

सोमवारी त्यांनी माझ्यासमोर विभागांची इंग्रजी यादी ठेवली. मी मराठी माध्यमातली. इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं, पण एवढे लांबलचक इंग्रजी शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. कार्डिओलॉजी ठीक होतं. न्यूरोलॉजी, युरोलॉजी हेही ऐकलेलं होतं. पण त्याखाली गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी होतं आणि त्याच्याही खाली इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम.

मी वडिलांचं स्मरण केलं, माईकचं बटण दाबलं आणि पंगत वाढायला घेतली. "गॅस्-ट्रो-एन्-ट-रॉ-लॉ-जी विभागाचे रुग्ण क्रमांक चार." सातही अक्षरांना सारखं माप. बोलून झाल्यावर मला वाटलं, छान झालं. समोरच्या बाकावरचे दोघंतिघं माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आदर आहे असं मी समजले.

थोड्या वेळाने व्यवस्थापक साहेब बाहेर आले. हळू आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही तो शब्द म्हणताय की त्याची आरती करताय?"

ते तेवढंच बोलून गेले असते तर मी दोन दिवसांत विसरले असते. पण त्याच आठवड्यात पाट्यांचं प्रकरण झालं.

आमच्याकडच्या विभागांच्या मराठी पाट्या अरुंद होत्या. रंगाऱ्याला एका ओळीत शब्द बसेना, म्हणून त्याने सगळे सरसकट मधून तोडले होते. वरच्या ओळीत 'कार्डिओ', खालच्या ओळीत 'लॉजी'. वर 'न्यूरो', खाली 'लॉजी'. रोज बघून बघून आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. एका दुपारी चांदूर बाजारचे एक गृहस्थ खांद्यावर वळकटी घेऊन माझ्या खिडकीशी आले. त्यांचा भाऊ वर भरती होता. जिना चढून-उतरून त्यांना घाम फुटला होता.

"ताई," ते म्हणाले, "मले आज इथंच राहा लागते. पन हे कसे लॉज हायत हो तुमचे? पहिल्या मजल्यावर दोन, दुसऱ्यावर तीन. सगळीकडे पाटी हाय, आत गेलं का नर्सबाई हाकलून देते. थो रेडिओवाला लॉज तर मले साऱ्यात बरा वाटला, अंधार बी हाय, थंड बी हाय. थितूनही काढलं."

रेडिओलॉजीच्या अंधाऱ्या खोलीत ते वळकटी पसरून बसले होते, हे मला नंतर तिथल्या तंत्रज्ञाकडून कळलं. मी त्यांना समजावून सांगत होते की काका, हे लॉज नाही, लॉजी आहे. लॉजी म्हणजे शास्त्र. ते म्हणाले, "मंग तसं ल्याहा ना. लॉज काहून ल्याहता?" नेमके तेव्हाच व्यवस्थापक साहेब मागे येऊन उभे होते.

त्यांनी गृहस्थांना नातेवाइकांच्या खोलीत पाठवलं आणि मला आत बोलावलं. पाट्या बदलायला वेळ लागेल, पण आवाज लगेच बदलता येईल, असं त्यांचं मत होतं. पुढच्या महिन्यात कान-नाक-घशाचा नवा विभाग सुरू व्हायचा होता. मुंबईहून मोठे डॉक्टर उद्घाटनाला येणार होते. "निवेदन नीट झालं पाहिजे," ते म्हणाले. "महिनाभर बघू. नाही जमलं तर पुण्याहून आवाज रेकॉर्ड करून मागवू. तो कॉम्प्युटरवर लावला की झालं." आणि त्यांनी नव्या विभागाचं पूर्ण नाव एका कागदावर लिहून माझ्यासमोर सरकवलं. ऑटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी.

मी तो कागद पर्समध्ये ठेवला आणि दोन दिवस पर्सकडे पाहिलंच नाही.

लाउडस्पीकरच्या बरोबर खाली एक खुर्ची होती. तिथे रोज सकाळी अकराला एक वयस्कर गृहस्थ येऊन बसायचे. पांढरी दाढी, स्वच्छ कुर्ता, खिशाला दोन पेनं. मी बोलायला लागले की ते डोळे मिटायचे. ध्यान लागतं म्हणून नाही, कळ येते म्हणून, हे मला त्यांच्या कपाळाकडे बघून कळत होतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते उठून खिडकीशी आले.

"बेटा, एक गोष्ट बोलू का? राग तर नाही येनार?"

"बोला ना."

"तू आवाज फार चांगला लावते. पन शब्दाले तू असं वाजवते, जसा कोनी दारावर टकटक करून राहिला. सात वेळा टकटक. दार तर एकाच टकटकीत उघडते."

ते बाळापूरचे. तिथल्या उर्दू शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या बायकोचा गुडघा आमच्याच रुग्णालयात बदलला होता आणि मुलगी अमरावतीत असल्यामुळे दोघं तिच्याकडे राहायला आले होते. मी त्यांना सर म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला चाची. चाचींची फिजिओथेरपी रोज पाऊण तास चालायची. तेवढा वेळ सर खाली बसायचे. त्या दिवसापासून तो पाऊण तास माझा झाला.

पहिला धडा हनुवटीचा होता. सर म्हणाले, "हात हनुवटीखाली धर. आता शब्द बोल. हनुवटी जितक्या वेळा खाली येते, तितके तुकडे. इंग्रजी शब्द लिहिलेला पाहून नाही मोजायचा, हनुवटीने मोजायचा." मी हात लावला आणि म्हणाले, "कार्डिओलॉजी." पाच वेळा. फिजिओथेरपी सहा वेळा. गंमत वाटू लागली. पेशंट नसले की मी हनुवटीखाली हात धरून यादीतले शब्द पुटपुटत बसायचे. दोन दिवसांनी दातांच्या विभागातली सहायक मुलगी कोरा केसपेपर घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, "मॅडम, आमच्या डॉक्टरांनी तुम्हाला काचेतून पाहिलं. दाढ कोणच्या बाजूची आहे?"

दुसरा धडा जोराचा, म्हणजे आघाताचा. तो मात्र सहज पचला नाही. सर म्हणाले, मराठीत आणि उर्दूत आपण सगळ्या तुकड्यांना जागा देतो, इंग्रजी तसं करत नाही. ते एका तुकड्यावर जोर टाकतं आणि बाकीच्यांना घाईने आवरून घेतं. दोन शब्द जोडून एक झाला तर जोर बहुतेक वेळा पहिल्यावर जातो.

"ब्लड बँक," ते म्हणाले. "जोर 'ब्लड'वर. व्हीलचेअर, जोर 'व्हील'वर. आता ब्लॅकबोर्ड पाह्य. 'ब्लॅक'वर जोर दिला तर शाळेतला फळा. दोघाले सारखा जोर दिला तर कोनताही काळा तक्ता. माझ्या शाळेतला ब्लॅकबोर्ड हिरवा होता, पन जोर 'ब्लॅक'वरच होता."

"आणि कार्डिओलॉजी?"

"त्याच्यात तू जोर कुठी देते?"

"सगळ्यांवर. 'लॉ'वर जरा जास्त."

"तिथंच तर गडबड हाय. असे जितके शब्द हायत, त्यात जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर. कार्-डि-*ऑ*-ल-जी. 'ऑ' मोठा, 'लॉ' नाहीच. नुसता 'ल'. मनातल्या मनात आला आन् गेला."

मी दोनदा म्हणून पाहिलं. कार्डि*ऑ*लजी. न्यू*रॉ*लजी. रेडि*ऑ*लजी. आणि मला एकदम चांदूर बाजारचे काका आठवले. असं म्हटलं तर लॉज उरतोच कुठे! सरांना मी तो किस्सा सांगितला तेव्हा ते इतके हसले की गार्डने त्यांना पाणी आणून दिलं.

पण घरी जाऊन म्हणायला लागले की जीभ अडायची. 'लॉ' दिसत होता, लिहिलेला होता, आणि मी त्याला गिळायचं? लहानपणापासून ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली तेच आता नोकरीसाठी करायचं? गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीत तर सातातले चार तुकडे जवळजवळ उपाशी ठेवावे लागत होते. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुझे अब्बा काय म्हनतात, त्याईले विचार."

रविवारी मी अकोल्याला गेले. वडील नुकतेच एक सत्यनारायण आटोपून आले होते आणि झोपाळ्यावर बसून पान जुळवत होते. मी सगळं सांगितलं. इंग्रजीत अक्षरं खातात, मुद्दाम खातात आणि ती खाल्ली नाहीत तर चुकलं म्हणतात. वडिलांनी पान बाजूला ठेवलं.

"एक म्हणून दाखव."

मी आधी माझ्या पद्धतीने म्हटलं, मग सरांच्या पद्धतीने. मला वाटलं आता घास ताटात ठेवल्यासारखा चेहरा होणार. ते म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनीच माझ्याबरोबर म्हटलं, आणि 'रॉ' आला तेव्हा त्यांची मान आपोआप वर गेली.

"अगं, हे काय नवीन आहे?" ते म्हणाले. "वेद म्हणताना आम्ही मान वर-खाली का करतो? व्यायाम म्हणून? तिथेही सगळे स्वर एका पातळीवर नसतात. एक वर, एक खाली. मी तुम्हाला अक्षर खाऊ नका म्हणालो. सगळ्यांची मान ताठ ठेवा असं कुठे म्हणालो?"

"पण 'लॉ' खायचा ना?"

त्यांनी बाजूला ठेवलेलं पान पुन्हा हातात घेतलं. "खायचा नाही. त्याला वाकायला सांगायचं."

मग त्यांना त्याची गोडीच लागली. मी यादी काढली आणि आम्ही दोघं झोपाळ्यावर बसून एकेक विभाग म्हणू लागलो. जोर आला की मान वर, उतरला की मान खाली. ऑर्थो*पी*डिक्स. फिजिओ*थे*रपी. इलेक्ट्रोएन्*से*फॅलोग्राम. वडिलांचा सूर लागला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत दारात आली, थोडा वेळ भक्तिभावाने ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "हे कोणत्या देवाचं आहे हो?"

सोमवारी मी माईकवर बसले आणि म्हणाले, "गॅस्ट्रोएन्ट*रॉ*लजी, क्रमांक दोन." मान वर गेलीच, ती मला थांबवता येईना. सर खुर्चीवर होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. केबिनच्या काचेमागून व्यवस्थापक साहेबांनी अंगठा दाखवला. माझ्या आयुष्यात मला कोणी अंगठा दाखवला आणि तो कौतुकाचा होता, असं पहिल्यांदाच झालं.

फक्त एक झालं. क्रमांक दोन उठलाच नाही.

मी पुन्हा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं, आणि मग क्रमांक तीनला पाठवलं. अर्ध्या तासाने एक म्हातारी आजी तरातरा माझ्याकडे आली. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. "काव बाई, मी सकायपासून बसून हावो. मले काहून नाही बलावलं?"

"आजी, तीनदा बोलावलं तुम्हाला."

"कवा?"

मी म्हणून दाखवलं. मानेसकट. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "व माय! थे माह्यासाठी होतं? मले वाटलं तुमी कोनावर तरी खेकसून राहिल्या."

मी खाली वाकून हळूच म्हणाले, "पोटाचे डॉक्टर, आजी. खोली नंबर अकरा."

"मंग असं बोला ना," म्हणून त्या गेल्या.

त्या आठवड्यात हेच होत राहिलं. मी बरोबर बोलत होते आणि लोक बसून राहत होते. आधी चुकीचं बोलत होते तेव्हा हसत का होईना, उठत तरी होते. मी पुकारून झाल्यावर मागाहून 'पोटाचे डॉक्टर', 'हृदयाचे डॉक्टर' असं जोडू लागले, तर व्यवस्थापक साहेबांनी बंद करायला लावलं. म्हणाले, "आपलं रुग्णालय आहे, एसटी स्टँड नाही." सरांकडे मी कुरकुर केली. ते म्हणाले, "बेटा, मी शिकवायचं काम केलं. ऐकायचं काम कोनाले शिकवू?"

उद्घाटन जवळ आलं. कार्यक्रम असा होता की मंचावर मोठी पाटी, पाटीवर मखमली पडदा, आणि मी नव्या विभागाचं नाव उच्चारलं की पडदा आपोआप बाजूला सरकणार. 'आपोआप' म्हणजे आमच्या इलेक्ट्रिशियन भाऊंच्या हाताने. ते मंचामागे मोटारीचं बटण धरून बसणार होते. तिथून त्यांना मंच दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होतं. पहिल्या तालमीला मी शब्द बरोबर म्हटला, ओटोरायनोलॅरिं*गॉ*लजी, आणि पडदा हलला नाही. भाऊ बाहेर आले. "ताई, कवा म्हटलं तुमी? मले तर 'गॉ' का काय थे ऐकू आलं आन् संपलं. थो माईक बी खरखर करून राहिला. जरा फोडून सांगा ना व."

म्हणून मी फोडून सांगितलं. ऑ-टो-ऱ्हाय-नो-लॅ-रिं-गॉ-लॉ-जी. भाऊंनी नऊ तुकडे बॉलपेनने तळहातावर लिहून घेतले. "झालं. नववा पडला का बटन." मग आम्ही रोज तसाच सराव केला. मी नऊ तुकडे सावकाश म्हणायचे, ते आत बोटं मोजायचे, आणि पडदा अगदी वेळेवर सरकायचा. व्यवस्थापक साहेब तेव्हा फुलं, खुर्च्या आणि नाश्ता यांत अडकलेले होते. तालमीला ते एकदाही आले नाहीत. आणि खरं सांगते, त्या गडबडीत माझ्याही डोक्यात आलं नाही की आपण एक गोष्ट सरांबरोबर शिकतोय आणि दुसरीच भाऊंबरोबर घोकतोय.

उद्घाटनाच्या सकाळी मी मोरपंखी साडी नेसले. हॉल भरला होता. शहरातले डॉक्टर पुढच्या रांगांत, कर्मचारी मागे. सर चाचींना घेऊन शेवटच्या रांगेत बसले होते. चाचींचा वॉकर खुर्चीला टेकवून ठेवला होता. मुंबईचे डॉक्टर पाटीशेजारी हसतमुखाने उभे, टाळ्या वाजवायला हात अर्धे जोडलेले. व्यवस्थापक साहेबांनी मला खूण केली.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली. झालं. मला तळहात आठवला नाही, बोटं आठवली नाहीत, काही आठवलं नाही. मला फक्त त्यांना दाखवायचं होतं.

"आणि आता आपल्यासमोर येत आहे," मी म्हणाले, "डिपार्टमेंट ऑफ ओटोरायनोलॅरिं*गॉ*लजी!"

इतकं सुरेख मी तो शब्द आजतागायत म्हटलेला नाही. नऊही तुकडे एका श्वासात. 'गॉ' वर उठलेला, बाकीचे नम्रपणे वाकलेले. मान वर जाऊन खाली आली.

पडदा जागचा हलला नाही.

पाहुण्या डॉक्टरांचे हात तसेच अर्धे राहिले. मला वाटलं मोटार बिघडली. मी गळा साफ केला आणि पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा जास्त जोर देऊन. काही नाही. व्यवस्थापक साहेबांच्या कपाळावर घामाचा थेंब दिसला. हॉल इतका शांत झाला की मागच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. आणि त्या शांततेत पडद्यामागून भाऊंचा आवाज आला. मंचावर ठेवलेल्या दुसऱ्या माईकने तो सगळ्या हॉलभर पोचवला.

"ताई! म्हना ना व लवकर! माह्यं बोट दुखून राहिलं बटनावर!"

आधी मागच्या रांगेतून हसू फुटलं, मग ते पुढे पुढे येत डॉक्टरांपर्यंत पोचलं. पायाखालची जमीन दुभंगावी असं पुस्तकात वाचलं होतं, पण तिथे टाइल्स होत्या. सरांनी तोंडाला रुमाल लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. एका क्षणात मला सगळं कळलं, तळहात, नऊ तुकडे, सगळं. आता दोनच मार्ग होते. पळून जायचं, नाहीतर पंगत वाढायची.

मी माईक जवळ घेतला. "ऑ," मी म्हणाले. हॉल थांबला. "टो. ऱ्हाय. नो." कुठेतरी कोणीतरी बोटं मोजायला लागलं. "लॅ. रिं." आता अर्धा हॉल माझ्याबरोबर म्हणत होता, कर्मचारी, नर्सा, सगळे. "गॉ. लॉ." आणि सगळ्यांनी मिळून शेवटचा "जी" असा काही ठोकला की पडदा सर्रकन उघडला आणि पाटीवरची झेंडूची माळ खाली पडली.

टाळ्या बराच वेळ चालल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी भाषणाची सुरुवातच त्यावरून केली. म्हणाले, "हा शब्द मी कित्येक वर्षं माझ्या नावाखाली लावतोय. पण एकही अक्षर न चुकवता पूर्ण ऐकायचा योग आज आला."

नंतर चहापानाच्या वेळी सर माझ्यापाशी आले. मी म्हणाले, "सर, माफ करा. तुमची मेहनत वाया घालवली."

"वाया कुठी?" ते म्हणाले. "पहिले दोन माझ्यासाठी होते, मी ऐकले. तिसरा त्याईच्यासाठी होता, त्याईने ऐकला." चाचींना मात्र हसणं पटलेलं नव्हतं. त्यांनी वॉकरवरचा एक हात काढून माझ्या गालाला लावला आणि म्हणाल्या, "मेरे को तो तीनों बार अच्छा लगा, बेटी."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक साहेबांनी आत बोलावलं. मी रात्रीच ठरवून टाकलं होतं की ते पुण्याचा आवाज म्हणाले की आपण शांतपणे 'बरं' म्हणायचं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. तो बाजूला ठेवून म्हणाले, "मी पुण्याचा नाहीये, माहितेय का तुम्हाला? कराडजवळच्या एका गावचा आहे. पुण्यात कॉलेजला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून मी 'डिटरमाईन' म्हणालो. 'डिटर्मिन' म्हणायचं असतं. चार वर्षं मला सगळे डिटरमाईन म्हणून हाक मारत होते. बहिणीच्या लग्नाला मित्र आले, त्यांनी मांडवात तीच हाक मारली."

मी म्हणाले, "लिहिलेलं तर माईन असतं."

"तेच ना!" ते एकदम उसळून म्हणाले. मग स्वतःच हसले. "काल मी घाबरलो होतो. तुमच्यावर लोक हसले की मला चार वर्षं आठवणार असं वाटलं. पण ते तसलं हसणं नव्हतं. असो. आजपासून दोन्ही म्हणा. आधी इंग्रजी, मग लोकांना समजेल असं."

तेव्हापासून मी तसंच करते. "गॅस्ट्रोएन्ट*रॉ*लजी, पोटाचे डॉक्टर, खोली अकरा." लोक पहिल्या शब्दाला मान वर करतात आणि दुसऱ्याला उठतात. पाट्याही बदलल्या. नव्या पाट्या रुंद आहेत, शब्द अखंड आहेत, आणि खाली मराठीत सोपं नाव आहे. भाऊ अजून मला जिन्यात भेटले की तळहात दाखवतात.

चाचींचा वॉकर सुटला आणि दोघं बाळापूरला परत गेले. दिवाळीत मी माहेरी गेले होते. अकोल्याहून बाळापूर काही लांब नाही, म्हणून एका सकाळी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. चाचींनी स्वतः दार उघडलं. सरांनी चहा सांगितला आणि बसल्या बसल्या औषधाची एक स्ट्रिप माझ्यासमोर धरली. चाचींना नुकती सुरू झालेली गोळी. "हे वाच."

मेथिलकोबॅलामिन. मी नकळत हनुवटीखाली हात नेला. सहा तुकडे. "जोर 'बॅ'वर," मी म्हणाले.

"नाही. 'को'वर," सर म्हणाले.

"सर, 'बॅ'वर."

"तीस वर्षं शिकवलं मी."

मी फोन काढला, त्यात शब्द घातला आणि आवाज लावला. फोनमधल्या बाईने स्वच्छ 'बॅ'वर जोर दिला. सरांनी फोन माझ्या हातून घेतला, पुन्हा लावला, कानाशी धरला, आणखी एकदा लावला. चेहरा असा झाला होता की मलाच वाईट वाटलं. मी म्हणणार होते की अमेरिकेत वेगळं म्हणत असतील. तेवढ्यात त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "पास. फर्स्ट क्लास."

चाची पाण्याचा ग्लास हातात घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या. "तुम दोनों का हो गया तो," त्या म्हणाल्या, "मैं गोली खा लूँ?"

सरांनी गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मग चहा आला.